प्रस्तावनेची पाने

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरचा उड्डाणपूल २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात वाहतुकीस खुला झाला आणि त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. त्या नावावरून आधी बराच वाद झडला होता. अखेर नाव मिळाले, हे उचितच झाले. मात्र या पुलाच्या आसमंतात वाढणाऱ्या आणि महाराजांचे नाव उच्चारताच ज्याचा ऊर भरून येतो अशा मुलाच्या हाती कोणते पुस्तक आहे, याची चौकशी त्या धामधुमीत कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

असा मुलगा मानखुर्दमध्ये शोधत हिंडावे लागत नाही. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घर गेलेल्या कुटुंबांना पुनर्वसनात मिळालेल्या सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोल्यांत तो आहे, महाराष्ट्रनगरात आहे, अणुशक्तिनगरच्या वसाहतीतही आहे. वय पंधरा-सोळा. 'श्रीमान योगी' एकदा संपवून त्याने दुसऱ्यांदा हाती घेतली आहे. 'स्वामी' वाचून झाली, 'पानिपत' अर्ध्यावर आहे. २०२५ साली 'छावा' चित्रपट पाहून आल्यावर शिवाजी सावंतांची कादंबरी त्याने कोणाकडून तरी मागून आणली. बाबासाहेब पुरंदऱ्यांचे 'राजा शिवछत्रपती' तर जवळजवळ मुखोद्गत. आणि दप्तराच्या तळाशी एक दोनशे पानी वही आहे, तिची चाळीसेक पाने भरली आहेत. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत कादंबरीचे नाव, खाली स्वतःचे नाव. विषय तानाजी मालुसरे. या वहीची वार्ता घरात फक्त धाकट्या बहिणीला आहे.

या वहीला कोणी हसू नये. महाराष्ट्रात इतिहासाचे वेड हरिभाऊ आपट्यांच्या काळापासून बहुधा कादंबरीच्याच दारातून घरात आले आहे. आज जे इतिहास संशोधक म्हणून मान्यता पावले आहेत, त्यांतील कित्येकांनी शाळकरी वयात अशाच वह्या भरल्या असतील. प्रश्न आहे तो त्या दारातून आत आल्यावर पुढे कोणी दिवा दाखवतो की नाही, एवढाच.

गंमत अशी, की पुढच्या दालनाची किल्ली त्या मुलाच्या हातातच आहे. 'श्रीमान योगी'च्या आरंभी नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. कुरुंदकरांनी रणजित देसाई यांना लिहिलेले सविस्तर पत्रच तिथे छापले आहे. शिवचरित्राकडे कोणत्या प्रश्नांनिशी पाहावे, दंतकथा कुठे संपते आणि पुरावा कुठून सुरू होतो, याचा इतका रोकडा ऊहापोह मराठीत क्वचितच सापडेल. कुरुंदकर हे संघविचाराचे कठोर टीकाकार होते आणि त्यांची अनेक मते या पानांच्या वाचकांना मान्य होणारी नाहीत. तरीही ती प्रस्तावना आपल्या मुलांनी वाचावी, हे नि:संकोचपणे सांगितले पाहिजे. मुलगा मात्र ती पाने एका चिमटीत धरून उलटतो आणि थेट कथेवर येतो. दोष त्याचा नाही. ती पाने वाचायची असतात, हे त्याला सांगणार कोण? त्याच्या वडिलांनीही ती उलटलीच होती.

आता त्याच्या वहीतल्या विषयाकडे वळू. तानाजी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर पडला. त्याच्या मृत्यूची वार्ता ऐकून महाराजांनी 'गड आला, पण सिंह गेला' असे उद्गार काढले आणि म्हणून गडाचे नाव सिंहगड ठेवले, असे प्रत्येक मराठी मूल ऐकते. या मुलाने आपल्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण आधीच लिहून ठेवले आहे, ते याच प्रसंगाचे. पण एप्रिल १६६३ मधील शिवाजी महाराजांचे एक पत्र उपलब्ध आहे. गडावर फितव्याची वर्दी आल्याने कारभाऱ्यांनी तातडीने तिकडे जावे, अशा आशयाचे ते पत्र आहे आणि त्यात गडाचे नाव सिंहगड असेच आहे. म्हणजे तानाजीच्या बलिदानापूर्वी सुमारे सात वर्षे हे नाव वापरात होते. यशवंती घोरपडीची कथाही अशीच लोकांच्या ओठांवर वाढलेली.

हे कळल्यावर मुलाच्या मनाचे काय होते? येथे दोन वाटा फुटतात. एक वाट सांगणाऱ्यावर चिडण्याची. हा कोण टिकोजीराव, याचा पक्ष कोणता, याची जात कोणती, हे विचारण्याची. ही वाट शिकवावी लागत नाही. ती भ्रमणध्वनीवर रोज सकाळी आपणहून चालत येते. दुसरी वाट ते पत्र पाहण्याची. ते कोणत्या लिपीत आहे, कोणी छापले, अस्सल आहे हे कशावरून ठरले, याची हुरहुर लागण्याची. ती लागली, तर तानाजीच्या वाट्याला काहीच उणे येत नाही. ऐन काळोखात कडा चढून गेलेले मावळे तसेच राहतात, उदेभानाशी झालेली झुंज तशीच राहते, दोघेही पडले तरी गड घेतला गेला हेही तसेच राहते. उलट, लेकाचे लग्न बाजूला सारून मोहिमेवर निघालेल्या त्या माणसाविषयी समकालीन साधने किती सांगतात आणि किती पोवाड्याने मागाहून सांगितले, हे तपासण्याइतके प्रेम त्या मुलाच्या ठायी आहे काय, याची कसोटी इथेच लागते.

लेखनाच्या हौसेचेही असेच आहे. आरंभीच महाकादंबरी लिहावी, हा मोह स्वाभाविक असला तरी मराठीतल्या मातब्बरांनी हात वळवला तो दुसऱ्यांची वाक्ये मराठीत आणून. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सेवेत लागले, तेव्हा चोविशीच्या आसपासचे होते. महाराजांना वाचून दाखविणे, राजपुत्रांना शिकविणे हे त्यांचे काम. त्या काळात त्यांनी मॅकियाव्हेलीचा 'प्रिन्स' आणि सीलीचा इंग्लंडच्या साम्राज्यविस्तारावरील ग्रंथ मराठीत आणला. शिकविण्यासाठी काढलेली टिपणे वाढत गेली आणि त्यांतून १८९८ साली 'मुसलमानी रियासत' बाहेर पडली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची कथा त्याहून तिखट. वर्गात बसण्यापेक्षा ग्रंथालयात बसणे त्यांनी पसंत केले, पदवीनंतर 'भाषांतर' नावाचे मासिक काढले, प्लेटो मराठीत आणला. मग वाईस जुन्या कागदांचा ठेवा हाती लागला आणि त्याच १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे २२ खंड झाले. गावोगाव पायपीट करून, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी जाऊ पाहणारे कागद वाचवून ते झाले. राजवाडे वाचकाला हसवीत नाहीत, रडवीत नाहीत. पण त्यांच्याविना पानिपतावर कोणाला नीट हसता-रडता आले नसते.

संभाजीराजांच्या बाबतीत तर कागद आणि कथा यांतले अंतर फार महागात पडले. त्यांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेल्या बखरीने त्यांना व्यसनी, विलासी ठरविले आणि नाटककार-कादंबरीकारांनी ते चित्र पिढ्यान्‌पिढ्या गिरविले. ते पुसले कोणी? वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. सुमारे चार दशके साधने धुंडाळून त्यांनी 'छत्रपती संभाजी महाराज' हा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध केला. डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' १९७१ चा. 'छावा' कादंबरी आली ती त्यानंतर, १९७९ साली. आज चित्रपटगृहात डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या किती जणांना बेंद्रे हे नाव ठाऊक आहे? जानेवारी २०१७ मध्ये 'राजसंन्यास' या अपुऱ्या नाटकाचा राग म्हणून पुण्याच्या संभाजी उद्यानातील राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत फेकण्यात आला. त्या कृत्याने संभाजीराजांच्या चरित्रात एका ओळीची भर पडली नाही. ज्या चित्राचा राग होता, ते बेंद्र्यांनी ५७ वर्षांपूर्वीच खोडून ठेवले होते.

पुण्यातलाच दुसरा प्रसंग याहून विषण्ण करणारा. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर हल्ला झाला. जेम्स लेन यांच्या पुस्तकातील मजकूर संतापजनक होता, यात शंका नाही. परंतु त्याची शिक्षा भोगली ती पोथ्यांनी आणि कपाटांनी. तेव्हा गजानन मेहेंदळे यांनी उद्वेगाने स्वतःच्या शिवचरित्राच्या हस्तलिखिताची शेकडो पाने फाडून टाकल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. मेहेंदळे हे संरक्षणशास्त्राचे विद्यार्थी. १९७१ च्या युद्धाचे वार्तांकन करावयास 'तरुण भारत'तर्फे ते गेले, तेव्हा त्यांचे वय २३-२४ होते. पुढे मोडी आणि फारसी आत्मसात करून त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात उभे आयुष्य काढले. १९९६ साली 'श्री राजा शिवछत्रपती'चे दोन जाडजूड खंड आले, ज्यांत तळटीपेविना विधान सापडणे कठीण. सप्टेंबर २०२५ मध्ये ते गेले. हे खंड आपल्या किती कार्यालयांत आहेत, हा प्रश्न अप्रिय असला तरी विचारावयास हवा. बौद्धिकात शिवचरित्रातले दाखले न देणारा वक्ता विरळा. दाखल्याचे साधन सांगणारा त्याहून विरळा. श्रोत्यांत बसलेला किशोर ऐकतो तेच वहीत उतरवतो.

घरचा प्रश्न वेगळा आहे. दहावीला बरे गुण मिळाले की मुलाने विज्ञान शाखेला जावे, हे मध्यमवर्गीय घरात न बोलता ठरलेले असते. दिवाणखान्यात महाराजांची तसबीर असते आणि इतिहास विषय घेऊन बी. ए. करतो म्हटले की तिच्याखालीच कपाळाला आठ्या पडतात. आईवडिलांची चिंता खोटी नव्हे. इतिहासाने पोट भरेल याची हमी राजवाड्यांनाही कोणी दिली नव्हती. पण पोटासाठी दुसरा व्यवसाय करून उरल्या वेळात मोडी शिकता येते, राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्गही भरतात. अभियंता होऊ घातलेल्या मुलाचा एखादा रविवार त्यासाठी खर्ची पडला, तर घराण्याचे नुकसान होणार नाही.

शिवाय विषय शोधण्यासाठी रायगडापर्यंत जाण्याचे कारण नाही. मानखुर्दच्या पलीकडे खाडी आहे आणि खाडीच्या वरच्या अंगाला ठाणे. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले, साष्टी पोर्तुगिजांच्या हातून सुटली. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा कोट घेऊन साष्टी बळकावली आणि सालबाईच्या तहात १७८२ साली ती स्वतःकडे ठेवली. या साऱ्या उलाढालीचे कागद पेशवे दप्तरात आहेत. त्यांतले निवडक, सरदेसायांच्याच संपादनाखाली, ४५ भागांत छापून झाले आहेत. ज्या खाडीवरच्या पुलावरून १९९२ पासून गाडी वाशीला जाते, त्याच खाडीच्या काठची ही हकीकत. तिच्यावर कादंबरी कोणी लिहिलीच, तर ती त्या काठावर राहणाऱ्याने लिहावी.

त्यासाठी पहिला प्रवास फार लांबचा नाही. हार्बरच्या गाडीने कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेने दादर. तेथून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग चालत गाठता येतो. ही संस्थाही १८९८ चीच. एखाद्या रविवारी एकत्रीकरण आटोपल्यावर शाखेच्या कार्यवाहाने दोन-तीन मुलांना घेऊन पुढच्या कामाच्या दिवशी तिकडे जाण्याचे ठरवावे, तिथे शेजवलकरांचे 'पानिपत १७६१' आणि बेंद्र्यांचा ग्रंथ मेजावर मागून घ्यावा, आणि मुलांना तळटिपा कशा वाचतात ते दाखवावे. वाद घालण्यासाठी मिळतात तेवढे कार्यकर्ते या कामासाठीही मिळावेत.

आणि ती वही? ती फाडू नये, शेवटचे प्रकरणही खोडू नये. तिची दीडशेहून अधिक पाने अजून कोरी आहेत. त्यांतल्या पहिल्या पानावर १६६३ चे ते पत्र जसेच्या तसे उतरवून घ्यावे, अडलेल्या शब्दांखाली रेघ ओढावी आणि समासात तारीख घालावी.