जुन्नर तालुक्याएवढा देश

फुटबॉलच्या विश्वचषकाचे वारे वाहू लागले की दर चार वर्षांनी आपल्याकडे एक ठरावीक तक्रार ऐकू येते. स्पर्धेत आपला संघ नाही, आपला ध्वज नाही. तरीही आपली मुले अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या नावाने रात्री जागवतात, निळ्या-पांढऱ्या जर्सी घालून मिरवतात. हे कसले परक्यांचे वेड? तक्रार करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. निदान मात्र चुकते.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातले, कुकडीकाठचे बोरी बुद्रुक हे गाव घेऊ. दूरदेशीचे काही येथे येऊन पोहोचणे, ही नवी गोष्ट नव्हे. प्राचीन काळी सुमात्रा बेटावर उसळलेल्या तोबा ज्वालामुखीची राख कुकडीच्या काठी येथे सापडते आणि अभ्यासक ती पाहण्यासाठी दुरून येतात. याच तालुक्यात आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाद्वारे परदेशाशी दूरसंचार जोडणारे भूकेंद्र सुरू झाले. देशातील ते अशा प्रकारचे पहिले व्यापारी केंद्र. आज त्याच मुलखात घरोघरी दूरचित्रवाणी आहे आणि हातोहाती मोबाईल आहे. अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातील १८ डिसेंबर २०२२ चा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाला आणि ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टीवर निकाल लागेतो अकरा वाजून गेले. असा सामना एकट्याने मोबाईलवर पाहणे आज सहज शक्य आहे. तरीही ज्या घरी मोठा पडदा असेल तेथे दहा-बारा जण जमतात. सतरंजी अंथरली जाते, चहाचे आधण पुन्हा पुन्हा चढते, आजोबा नातवाला ‘ऑफसाईड म्हणजे रे काय?’ असे विचारतात. बांधाच्या वादातून अबोला धरलेली दोन घरेही अशा रात्री एका खोलीत बसतात. ज्या काळात घरातल्या घरात माणसे एकमेकांना दुरावत आहेत, त्या काळात हे एकत्र बसणे मोलाचे आहे. त्याला परक्यांचे वेड म्हणून हिणवणे योग्य नव्हे.

मग उणीव कोठे आहे? ती समजण्यासाठी २०१८ च्या रशियातील स्पर्धेतला एक सामना आठवावा. १६ जून २०१८, शनिवार. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. समोर मेसीचा अर्जेंटिना आणि दुसऱ्या बाजूला प्रथमच विश्वचषक खेळणारा आइसलँड. या देशाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या जुन्नर तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख आहे. म्हणजे आपल्या एका तालुक्याहूनही लहान देश अर्जेंटिनाशी झुंजला आणि १-१ अशी बरोबरी साधून परतला. मेसीची पेनल्टी ज्याने अडवली तो हानेस हाल्डोरसन हा गोलरक्षक चित्रपट-दिग्दर्शक होता. संघाचे प्रशिक्षक हेमिर हालग्रिमसन हे व्यवसायाने दंतवैद्य होते. पुढचे दोन सामने हरून आइसलँड पहिल्याच फेरीत बाहेर पडला, हेही सांगितले पाहिजे. पण विश्वचषकाला पात्र ठरलेला तो तोवरचा सर्वांत लहान देश होता. २०२५ मध्ये सुमारे दीड लाख वस्तीच्या कुरासावने २०२६ च्या स्पर्धेची पात्रता मिळवून तो विक्रमही मोडला.

त्या दिवशी आइसलँडमध्ये जे दूरचित्रवाणीसमोर होते, त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक लोक हाच सामना पाहत होते, असे तेव्हाचे आकडे सांगतात. म्हणजे तेही आपल्यासारखेच घरात, आप्तेष्टांसह, पडद्यापुढे बसले होते. फरक इतकाच, की त्या पडद्यावर त्यांना ओळखीची मुले दिसत होती. त्यांतील अनेकांनी लहानपणी त्याच क्लबात चेंडू मारला होता. त्यांचे पाहणे खेळण्यातून आले होते. आपले पाहणे पाहण्यातच संपते.

‘त्यांच्याकडे पैसा आहे’ असे उत्तर लगेच येईल. पैसा आहेच, पण तेथे वर्षातले कित्येक महिने बर्फ, वारा आणि लवकर पडणारा अंधार हेही आहे. उघड्या मैदानावर खेळणेच अशक्य. म्हणून २००० सालापासून त्यांनी छताखालची मोठी मैदाने उभारली, शंभराहून अधिक छोटी मैदाने शाळांलगत तयार केली आणि अगदी लहान मुलांच्या हातीही शिकलेला प्रशिक्षक दिला. आपली अडचण कोणती, हे त्यांनी ओळखले आणि नेमके तिच्यावर काम केले.

जुन्नरची अडचणही ठाऊक आहे. उसाच्या फडात बिबट्याने घर केले आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभे राहिले, तरी भीती ओसरलेली नाही. दिवेलागण होण्याआधी आई मुलाला घरात ओढते आणि तिचे चुकत नाही. रात्रीचा सामना संपल्यावर मोठी माणसेदेखील बॅटऱ्या घेऊन घोळक्यानेच वस्तीवर परततात. मुलांच्या खेळण्याची वेळ संध्याकाळची आणि नेमकी तीच वेळ या तालुक्यातून हिरावली गेली आहे. अशा मुलांना ‘पडदा सोडा, मैदानावर जा’ असा उपदेश करणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय. त्यांना आधी सुरक्षित मैदान दिले पाहिजे. गावठाणातल्या शाळेच्या मैदानाला जाळीचे कुंपण, चार खांबांवर दिवे, दोन गोलपोस्ट आणि प्राथमिक प्रशिक्षक-अभ्यासक्रम पूर्ण केलेला गावातलाच एक तरुण, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. ग्रामपंचायत, शाळा आणि उत्सवमंडळ एकत्र आले तर हे आवाक्याबाहेरचे नाही.

पाहणे आणि खेळणे एकत्र नांदू शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. कोल्हापुरात विश्वचषकाच्या दिवसांत चौकाचौकांत ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात. पण तेच प्रेक्षक पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा आपापल्या तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियम दणाणून सोडतात. कुस्तीच्या तालमींनी तेथे फुटबॉल पोसला. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

स्वामी विवेकानंदांनी दुर्बळ तरुणांना गीतेआधी फुटबॉलकडे वळायला सांगितले, हे आपण व्याख्यानांतून वारंवार उद्धृत करतो. त्यांनी सांगितले ते खेळायला, याचा मात्र विसर पडतो. रोज एक तास मैदानावर घालवल्याने माणूस कसा घडतो, हे आपल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. तेव्हा यापुढे कुणाच्या घरी सामन्यासाठी मंडळी जमली, तर तेथे जरूर जावे, मनसोक्त ओरडावे. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत मात्र एक विषय काढावा : गावच्या मैदानावर पहिला दिवा कधी लावायचा? तेवढ्या वेळात वर्गणीची वही सुरू होऊ शकते.