पाण्यातले माहेर

मे महिन्यात महाबळेश्वरला जाणे हा मध्यमवर्गीय माणसाने स्वतःच्या खिशाशी केलेला उघड द्रोह आहे, हे मला मान्य आहे. पण आमच्या घरात ठराव मंजूर करताना माझे मत घेण्याची पद्धत नाही. यंदा तो ठराव सौ.ने मांडला, लेकीने अनुमोदन दिले, आणि नवल म्हणजे, कुठल्याही प्रवासाला “माझे गुडघे!” एवढ्या दोनच शब्दांत नकार देणारी आमची आई म्हणाली, “मीही येते.”

पहिले दोन दिवस रीतीप्रमाणे गेले. एका पॉइंटवरून दरी पाहिली, दुसऱ्यावरून तीच दरी जरा डावीकडून पाहिली. वेण्णा तलावावर नावेत बसण्यासाठी तासभर रांग लावली. हा तलावही माणसानेच बांधलेला. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ साली तो करवून घेतला. नावेत आम्ही वीस मिनिटे बसलो आणि कणसे, स्ट्रॉबेरी, घोडा या क्रमाने माझे पाकीट हलके होत गेले. आई मात्र बाकावर बसून होती. तिला त्या तलावात काही रस दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी जुन्या महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या एका गोमुखातून पडतात. आईने धारेखाली ओंजळ धरली आणि गुरुजींना विचारले, “यातलं कोयनेचं कुठलं?”

“इथे सगळ्या एकच, आजी,” गुरुजी म्हणाले.

आईने ओंजळ प्यायली, पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, “उद्या तापोळ्याला जाऊ.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईचे माहेर कोयनेकाठचे. म्हणजे, होते. कोयनेवर धरण झाले आणि मागे साठलेले पाणी दरीतून पन्नास किलोमीटरांवर, तापोळ्यापर्यंत पसरले. त्यालाच आता शिवसागर म्हणतात. एकशे तीन मीटर उंचीचे धरण, सुमारे एकशे पाच टीएमसी पाणी. मुळात कोयना कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळणारी नदी. पण तिचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेले, पोफळीला त्यावर वीज केली आणि वाशिष्ठीतून समुद्राला सोडले. आज या प्रकल्पाची क्षमता एकोणीसशे साठ मेगावॅट आहे. हे सारे मला शाळेपासून पाठ आहे. महाराष्ट्राचा अभिमान म्हणून त्यावर मी निबंधही लिहिला होता आणि बक्षीस मिळवले होते. आईने तो निबंध वाचून “अक्षर छान आहे” एवढेच म्हटले होते.

१९६१च्या सुमारास ती दहा वर्षांची असताना त्यांचे गाव उठले. दरीतली माणसे कुणी ठाण्याकडे गेली, कुणी सांगलीकडे. आजोबांच्या वाट्याला सोलापूरकडची जमीन आली. जिथे पावसाळ्यात चार महिने घोंगडी वाळत नाही, तिथला माणूस आभाळाकडे डोळे लावून बसायला गेला. भात आणि नाचणी पिकवणारे हात ज्वारीला लागले. पुढे आई लग्न होऊन पुण्यास आली आणि विषय संपला. निदान आम्ही तरी तो संपलेला धरला. गेली वीस वर्षे मी वर्गात ग्रामीण साहित्य शिकवतो आणि गाव सुटलेल्या माणसाच्या दुःखावर पाऊण तास न थांबता बोलतो. पण आईच्या घराचे दार कुठल्या दिशेला होते, हे मी तिला कधी विचारले नव्हते.

महाबळेश्वराहून तापोळ्याला पंचवीस-तीस किलोमीटर घाट उतरावा लागतो. मे महिना असल्यामुळे पाणी बरेच खाली गेले होते. काठाने तांबड्या मातीचा उघडा पट्टा पडला होता आणि त्यावर जुन्या खाचरांच्या बांधांच्या रेघा एकीखाली एक दिसत होत्या. लेकीला वाटले, पर्यटकांसाठी पायऱ्या केल्या आहेत.

लाँचवाला तिशीचा होता. “वासोट्याकडं जायचं का नुसतं फिरायचं, सर?” त्याने विचारले. मी उत्तर देण्याआधीच आईने तिच्या गावाचे नाव सांगितले. त्याने तिच्याकडे नीट पाहिले.

“तुमी तिथल्या? माझा आजा नदीच्या पल्याडचा. आमी वर सरकलो, तुमी लांब गेला.”

मग भाडे ठरवायचे राहूनच गेले. अर्ध्या तासाने त्याने इंजिन बंद केले. चहूकडे नुसते पाणी. “ह्याच्या खाली,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात बी उघडं पडत नाही. लई खोल हाय.”

मला वाटले होते, आई रडेल. सौ.ने तर रुमाल काढूनही ठेवला होता. पण आई पाण्याकडे पाहतच नव्हती. ती मान वर करून समोरचा डोंगर न्याहाळत होती. कपाळावर आठ्या, जणू भाजीवाल्याच्या तराजूत काही गफलत दिसली आहे.

“हा डोंगर एवढा ठेंगणा नव्हता,” ती म्हणाली.

“डोंगर हाय तेवढाच हाय, आजी,” लाँचवाला म्हणाला. “पाय पान्यात हायेत त्याचे.”

त्यावर ती पहिल्यांदा हसली. मग वाकून तिने हात पाण्यात घातला आणि लाँच काठाला लागेपर्यंत बाहेर काढला नाही. गुडघ्यांची तक्रार नाही, काही नाही. काठावर मी पैसे विचारले तेव्हा तो माझ्याकडून घेईना; शेवटी आईने ते रागावून त्याच्या खिशात कोंबले.

त्या रात्री आमच्या हॉटेलातली वीज गेली. मॅनेजर दारोदार मेणबत्त्या वाटत फिरू लागला. अंधारात आई म्हणाली, “एवढं पाणी घेतलं, तरी दिवे जातातच का रे यांचे?” आणि आम्ही हसत असतानाच ती सांगू लागली: दार पूर्वेला होते, समोर फणस होता, पावसाळ्यात ओढा इतका गाजे की आजोबांची हाक ओटीवरून माजघरात पोहोचत नसे.

पंधरा मिनिटांनी दिवे आले. आई दचकून गप्प झाली आणि चष्मा शोधू लागली.

लेकीने उठून बटण बंद केले. “आजी,” ती म्हणाली, “गोठा कुठल्या बाजूला होता?”