सही आपली, सल्ला कोणाचा?

बुधवार पेठेत तांबड्या जोगेश्वरीपासून अप्पा बळवंत चौकापर्यंतच्या परिसरात जी वयोवृद्ध जोडपी राहतात, त्यांतील कित्येकांच्या घरी मुलाची खोली रिकामी आहे. जुने वाडे गेले, त्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि त्या घरांतील मुले संगणकाच्या वाटेने न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात जाऊन स्थिरावली. वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेनंतर त्यांपैकी काहींना अमेरिकेचे नागरिकत्व मिळते आणि मग एखाद्या रविवारी सकाळी फोनवर प्रश्न येतो : आई-बाबा, तुमचे ग्रीन कार्ड करायचे का? त्याच्या पाठोपाठ दुसरा : वकील लावायचा, की अर्ज आपणच भरायचा?

दुसऱ्या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. अर्ज ही एक गोष्ट आहे आणि त्यामागचा कायदा ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाली की जेथे पैसे वाचवायचे तेथे ते खर्च होतात आणि जेथे खर्च करायला हवेत तेथे काटकसर होते.

एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकाच्या माता-पित्यांना तेथील कायद्याने वार्षिक मर्यादेतून वगळले आहे. नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांना दर देशाला सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे जी प्रदीर्घ रांग सोसावी लागते, ती आई-वडिलांच्या वाट्याला येत नाही. अर्ज दोघांचे स्वतंत्र. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येकी ६२५ डॉलर. पुढील टप्प्यांचे शुल्क निराळे आणि वकिलाचे मानधन त्याहून निराळे. अर्जाची भाषा साधी आहे, सूचना छापील मिळतात. ज्या पिढीने निवृत्तिवेतनाची प्रकरणे आणि विम्याचे दावे स्वतः निस्तरले, तिला हे अवघड वाटण्याचे कारण नाही.

खरी अडचण कागदांची आहे, आणि ती अमेरिकेतला कितीही नामांकित वकील सोडवू शकत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेली माणसे त्यापूर्वीची, त्यांतही अनेकांचा जन्म आजोळच्या खेड्यातला. दाखला नसतो, असतो तो शाळा सोडल्याचा. माहेरची कुसुम सासरी येऊन वैशाली झालेली; शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पारपत्रावर दुसरे. लग्नाची नोंदणी कोणी केलीच नव्हती. पत्रिका आणि छायाचित्रांचा अल्बम एवढाच पुरावा. मुलाच्या जन्मदाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा. हे सारे दुरुस्त होते. नोंद नसल्याचा दाखला मिळतो, जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे जोडता येतात, जुन्या विवाहाची नोंदणी आजही करून घेता येते. मात्र त्यासाठी महापालिकेत, शाळेत आणि कधी गावी चकरा माराव्या लागतात. या कामी दुचाकी असलेला पुतण्या वकिलापेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे म्हटले तर वकीलवर्गाने राग मानू नये.

धोका आहे तो वकील आणि पुतण्या यांच्या मधल्या जागेत बसलेल्या तिसऱ्या माणसाचा. 'सगळे आम्ही पाहतो, तुम्ही फक्त सही करा' असे सांगणारे हे सल्लागार. प्रवासी व्हिसाच्या अर्जात विचारलेले असते की, तुमच्या नावे कोणी स्थलांतराचा अर्ज पूर्वी दाखल केला आहे काय? मुलाने तो केलेला असतो; पण व्हिसा नाकारला जाईल या भयाने सल्लागार 'नाही' लिहून मोकळा होतो. समोरच्या अधिकाऱ्याच्या संगणकावर तो अर्ज दिसत असतो. जाणूनबुजून महत्त्वाची माहिती खोटी दिल्याचे ठरले, तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते आणि खिडकीपाशी जाब अर्जदाराला द्यावा लागतो, सल्लागाराला नव्हे. २०२३ साली कॅनडात बनावट प्रवेशपत्रांचे प्रकरण उघडकीस आले. आपली पत्रे खोटी आहेत याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे त्यातील अनेक भारतीय विद्यार्थी सांगत होते; तरी हद्दपारीच्या नोटिसा त्यांच्याच हाती पडल्या.

मग वकील केव्हा हवा? पूर्वीच्या भेटीत मुदतीपेक्षा अधिक राहणे झाले असेल तेव्हा. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांपलीकडे गेले तर देश सोडल्यावर तीन वर्षे आणि वर्षभराचे झाले तर दहा वर्षे प्रवेशबंदी आहे. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल तेव्हा. आणि अटक झाली असेल तेव्हा.

हा शेवटचा मुद्दा या पानाच्या वाचकांच्या घरातला आहे. आणीबाणीत सत्याग्रह करून, किंवा मिसाखाली येरवड्यात दिवस काढलेले अनेक जण आज याच वयाचे आहेत. ज्या कारावासासाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये मानधन सुरू केले, तो आयुष्यातील अभिमानाचा काळ. व्हिसाच्या अर्जात मात्र सरळ प्रश्न असतो : तुम्हाला कधी कोणत्याही गुन्ह्यासाठी अटक किंवा शिक्षा झाली होती काय, मग पुढे माफी मिळालेली असली तरी? सल्लागार म्हणतो, 'पन्नास वर्षांपूर्वीचे कोण पाहतो? नाही लिहा.' वास्तविक अमेरिकी कायदा निव्वळ राजकीय स्वरूपाचा अपराध इतर गुन्ह्यांपासून वेगळा काढतो. कारावास अडचणीचा ठरेलच असे नाही. लपवणूक मात्र ठरू शकते. सत्याग्रहातील अटक आणि खटल्याविना स्थानबद्धता यांत भेद काय, उत्तरासोबत कोणते कागद जोडायचे, हे कायदा जाणणाऱ्यानेच सांगायचे असते. ज्याने तेव्हा तुरुंग पत्करला, त्याने आता व्हिसासाठी ते नाकारावे, यातली विसंगती तर वेगळीच.

कायद्यातला एक बारकावा माणसाला कसा तारतो, याचे उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हिंदी माणूस नागरिकत्वाच्या कायद्यातील 'श्वेतवर्णीय' या संज्ञेत बसत नाही. लगेच सरकारने पूर्वी नागरिक झालेल्या हिंदी लोकांविरुद्ध दावे लावले. त्यांत सखाराम गणेश पंडित होते : नाव मराठी कानाला घरचे वाटणारे, जन्म अहमदाबादचा, व्यवसाय कॅलिफोर्नियात वकिलीचा. त्यांना नागरिकत्व मिळाले होते १९१४ साली. त्यांचा बचाव केवळ वर्णाच्या वादावर विसंबला नाही. हाच प्रश्न १९१४ मध्ये सरकारच्या विरोधासह न्यायालयात निकालात निघाला, सरकारने तेव्हा अपील केले नाही, आता तो पुन्हा उकरता येणार नाही, हा मुद्दा अपील न्यायालयाने १९२६ मध्ये मान्य केला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला. असा मुद्दा कोणत्याही अर्जाच्या रकान्यात सापडत नाही.

वकील लावायचाच तर तो कोणत्या देशाचा? शिवाजीनगरच्या न्यायालयात नाव कमावलेला भारतीय वकील प्रतिज्ञापत्र उत्तम करून देईल, पण अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यापुढे प्रतिनिधी म्हणून उभा राहू शकणार नाही. तो अधिकार तेथील एखाद्या राज्याची सनद असलेल्या वकिलाला, किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या अधिकृत प्रतिनिधीला असतो. सनद खरी की खोटी, हे त्या राज्याच्या वकील परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येते. मुलाच्या कंपनीचा वकील हा पर्यायही सुचतो. पण तो मुख्यतः कंपनीचे हित पाहणारा असतो.

आणि पहिला प्रश्न अजून तसाच उभा आहे. ग्रीन कार्ड हे तेथे राहणाऱ्यासाठी आहे, दरवर्षी सहा महिने जाऊन येणाऱ्यासाठी नव्हे. पूर्वपरवानगी न घेता वर्षभर बाहेर राहिले, तर ते गमावण्याची पाळी येते. पासष्टी उलटलेल्याला तेथील सरकारी आरोग्यविम्यासाठी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तोवर खासगी विम्याचा खर्च मुलावर. आई-वडिलांच्या पोषणाची हमी मुलाने लिहून दिलेली असते आणि ती कायद्याने बंधनकारक असते. गणेशोत्सवाला पुण्यात, दिवाळीनंतर तिकडे, उन्हाळ्यात पुन्हा इकडे, असे ज्यांच्या मनात आहे त्यांना प्रवासी व्हिसा पुरतो. चांगला वकील तासाभराच्या सल्ल्यात हे सांगतो आणि अर्जाचे मानधन सोडून देतो. मात्र त्या तासाला फोनवर एकटा मुलगा असून चालत नाही. आईलाही शेजारी बसवून तिला काय हवे ते मराठीत विचारावे लागते, कारण तिच्या कागदांवर सही तिचीच असणार आहे.