मातीतले औषध उपाशीपोटी तयार होते

क्षयरोगावर उपयोगी पडलेले पहिले प्रतिजैविक म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात १९४३ साली अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाला ते सापडले. त्याचे मार्गदर्शक सेल्मन वाक्समन यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या जिवाणूपासून हे औषध मिळाले, त्याचा एक वाण भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीतून आला होता, तर दुसरा कोंबडीच्या घशातून. ही कथा अनेकांनी वाचलेली असते. तिच्यातला एक प्रश्न मात्र सहसा मागे राहतो. तो जिवाणू काही माणसाच्या क्षयरोगासाठी औषध बनवत नव्हता. मग तो ते कशासाठी बनवत होता, आणि मुख्य म्हणजे केव्हा? नव्या प्रतिजैविकांचा शोध अडला आहे तो या ‘केव्हा’पाशी.

स्ट्रेप्टोमायसिस हा मातीत सर्वत्र आढळणारा जिवाणूंचा गट. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, त्यातले जिओस्मिन हे द्रव्य प्रामुख्याने हेच जिवाणू बनवतात. ते वाढतात मात्र बुरशीसारखे, तंतू पसरत आणि त्यांना फाटे फोडत. कुजणारे पान, मेलेल्या किड्याचे कवच, मुळांतून झिरपणारी साखर असे काही हाती लागले की त्यांचा सगळा कारभार खाणे आणि वाढणे यासाठीच चालतो. साखर जाळून ऊर्जा मिळवायची, अमिनो आम्ले जोडून प्रथिने करायची, स्निग्धाम्लांपासून पेशींची आवरणे बांधायची. याला प्राथमिक चयापचय म्हणतात. घरखर्चच म्हणा ना. या सुगीच्या दिवसांत प्रतिजैविक जवळजवळ बनतच नाही.

अन्न संपत आले की चित्र पालटते. पेशीत प्रथिने जोडणाऱ्या रायबोसोमना अमिनो आम्ले कमी पडू लागतात. काम खोळंबले की पीपीजीपीपी नावाचा एक छोटा रेणू तयार होतो. हा पेशीतला धोक्याचा भोंगा. तो नवे रायबोसोम बनवण्याचे काम मंदावतो आणि प्रतिजैविकांची जनुके चालू व्हायला मदत करतो. स्फुरदाची चणचण भासली तरी असाच बदल घडतो. म्हणून औषध कारखान्यांच्या किण्वन टाक्यांमध्ये फॉस्फेटचे माप काटेकोर ठेवावे लागते. शिवाय पेशी एकमेकींना निरोपही देतात. स्ट्रेप्टोमायसिन बनवणाऱ्या जिवाणूत ‘ए-फॅक्टर’ हा रेणू ते काम करतो. तो अगदी अत्यल्प प्रमाणात साचला तरी औषधाचे उत्पादन सुरू होते.

कच्चा माल तोच राहतो, वाट बदलते. जी ग्लुकोज एरवी ऊर्जेसाठी जळाली असती, तिच्यापासूनच स्ट्रेप्टोमायसिनच्या रेणूचे तिन्ही भाग घडतात. आणखी कितीतरी प्रतिजैविके स्निग्धाम्लांसाठी लागणाऱ्या विटा वापरूनच रचली जातात. उपासमारीत हा खर्च करण्यामागे कारण आहे. अशा वेळी जिवाणू आपलेच जुने तंतू मोडतो आणि त्यातून सुटलेल्या अन्नावर हवेत उभे राहणारे नवे तंतू वाढवतो. त्यांच्या टोकाला बीजाणू धरतात. हे बीजाणू म्हणजे पुढच्या हंगामाचे बियाणे. मोडलेल्या तंतूंमधून बाहेर पडणारे अन्न शेजारच्या जिवाणूंनाही हवे असते. प्रतिजैविक त्यांना दूर ठेवते. ही राखण नेमकी गरजेच्या वेळी बसते.

या बदलाची कळ किती नाजूक असते, हे बेल्जियम आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी २००८ साली दाखवले. जिवाणूच्या पेशीभित्तिकेत एक अमिनो साखर असते. किड्यांच्या कवचातल्या कायटिनमध्येही तीच असते. भरपूर अन्न असलेल्या माध्यमात ही साखर दिली तर प्रतिजैविक आणि बीजाणू दोन्ही थांबतात. तुटपुंज्या अन्नाच्या माध्यमात दिली तर दोन्ही सुरू होतात. सुबत्तेत ‘खा आणि वाढ’ असा तिचा अर्थ होतो. टंचाईत त्याच साखरेचा अर्थ ‘तंतू मोडायला लागले, तयारीला लाग’ असा होतो.

औषधसंशोधनाच्या दृष्टीने ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, ते २००२ साली स्पष्ट झाले. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जिवाणूचा अनेक दशके कसून अभ्यास झालेला होता. त्याची चार-पाच प्रतिजैविके ठाऊक होती. त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला तेव्हा सुमारे ७,८०० जनुके सापडली आणि त्यांत अशी द्रव्ये बनवू शकणारे २० हून अधिक जनुकसंच निघाले. बाकीचे जनुकसंच झोपलेले होते. पुढे इतर वाणांतही हेच दिसत गेले. प्रयोगशाळेत या जिवाणूंना उत्तम अन्न मिळते, ठरावीक तापमान मिळते आणि शेजारी कोणी नसतो. ज्या अडचणीत ही जनुके जागी होतात, ती अडचण त्यांच्या वाट्याला कधी येतच नाही.

गेल्या शतकाच्या मध्यात जगभरातून माती गोळा झाली. फिलिपिन्सच्या मातीने एरिथ्रोमायसिन दिले, बोर्निओच्या मातीने व्हॅन्कोमायसिन, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मातीने रिफामायसिन. पुढे तीच ती द्रव्ये पुन्हा पुन्हा सापडू लागली आणि मातीतले भांडार संपले असा समज झाला. कंपन्या कृत्रिम रसायनांकडे वळल्या. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने १९९५ ते २००१ या काळात रसायनांच्या प्रचंड साठ्यावर सुमारे ७० चाचणी मोहिमा राबवल्या. त्यांतून पुढे नेण्याजोगी जेमतेम पाच द्रव्ये हाती आली आणि त्यांतल्या एकाचेही औषध झाले नाही. भांडार संपले नव्हते, ते उघडण्याची रीत ठाऊक नव्हती.

ही रीत आता थोडीथोडी उमगते आहे. जिवाणूंना अर्धपोटी ठेवणे, प्रतिस्पर्ध्यांच्या शेजारी वाढवणे, जनुकांवरचे कुलूप थेट काढणे हे मार्ग प्रयोगशाळांत वापरले जातात. प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या जिवाणूंना मातीतच वाढवण्याची युक्तीही निघाली. तिच्यातून २०१५ साली टेक्सोबॅक्टिन हे द्रव्य समोर आले. माणसांसाठीचे औषध म्हणून त्याला अजून मान्यता नाही. हे काम वेळखाऊ आहे, आणि बाजाराला त्यात रस नाही. अकेओजेन या अमेरिकी कंपनीने स्ट्रेप्टोमायसिनच्याच कुळातल्या एका नव्या प्रतिजैविकाला २०१८ साली मान्यता मिळवली आणि २०१९ साली तिचे दिवाळे निघाले. नवे प्रतिजैविक जपून वापरायचे असते, म्हणून ते कमी खपते. जे कमी खपावे यातच समाजाचे हित आहे, ते बाजाराच्या भरवशावर तयार होणार नाही. तिथे सरकारी पैसाच लागेल.

महाराष्ट्राला हे नवे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिथे पेनिसिलिन बनत होतेच, शिवाय डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. त्या जिवाणूचे नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवले गेले. कंपनी पुढे आजारी उद्योगांच्या यादीत गेली. पण सरकारी पैशातून चालणारी प्रयोगशाळा इथल्या मातीतून औषध काढू शकते, हे त्या कामाने दाखवून दिले आहे. आज तेवढ्याच निर्धाराने झोपलेली जनुके जागवण्याचे संशोधन हाती घ्यायला हवे, आणि त्याला वर्षा-दोन वर्षांच्या प्रकल्पांऐवजी दशकभराचे पाठबळ हवे.

मात्र नुसती नवी औषधे शोधून भागणार नाही. प्रतिजैविक बनवणारा जिवाणू स्वतःच्या विषाने मरू नये म्हणून उताराही जवळ बाळगतो. पेशीत असेपर्यंत स्ट्रेप्टोमायसिनवर फॉस्फेटचे टोपण असते आणि त्यामुळे ते निष्प्रभ राहते. बाहेर पडल्यावर टोपण निघते आणि औषध काम करू लागते. असेच टोपण बसवणारी विकरे आज रोगजंतूंमध्येही आढळतात, आणि औषध लागू पडत नाही. मातीत प्रतिजैविक आणि त्याचा उतारा शेजारी शेजारी नांदत आले, कारण तिथे औषध थोडे, थोड्या वेळेपुरते आणि थोड्या जागेत असते. माणसाने ते टनांनी वापरले. डाळिंबाच्या तेल्या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाची फवारणी महाराष्ट्रातल्या बागांना परिचयाची आहे. या मिश्रणाचा शेतीतला वापर बंद करण्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढला, तो याच काळजीपोटी. बागायतदाराला तेल्यावर दुसरा परवडणारा उपाय देणे हे कृषी विद्यापीठांचे काम आहे. त्याशिवाय बंदी कागदावरच राहील.

‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले. सर्दीसाठी दुकानातून परस्पर घेतलेली गोळी, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेली भुकटी आणि बागेतली फवारणी या तिन्ही गोष्टी या आकड्यात भर घालतात. मातीतला जिवाणू हे द्रव्य फक्त निकडीच्या वेळी खर्च करतो. डॉक्टर, औषधविक्रेते आणि शेतकरी यांनाही तोच नियम लागू झाला, तरच उद्या सापडणारे औषध परवापर्यंत टिकेल.