संगणकाचा कोपरा : फोल्डरची चावी कोणाकडे?



मोहल्ल्यातली एक मुलगी परवा मगरिबनंतर धावत आली. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बैतुलमालचा हिशेब तिने वहीतून काढून उबंटूवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरला होता. "चाचा, सर्व्हर सुरूच होत नाही. फोल्डर पुसून नव्याने बनवू का?"

म्हटले, "बेटी, आधी हात आवर. त्यात लोकांची अमानत आहे."

झाले होते एवढेच : फाइल कॉपी होईना म्हणून तिने डेटाच्या फोल्डरला ७७७ परवानगी दिली होती. यातला पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, आत जाण्याचे १; बेरीज ७. म्हणजे ७७७ हे सताड उघडे दार. पोस्टग्रेस ७०० किंवा, ११व्या आवृत्तीपासून, ७५० एवढेच मान्य करते. नाहीतर सुरू होण्यास नकार देते.

उपाय क्रमाने करावा.

१) व्हार, लॉग, पोस्टग्रेसक्यूएल या वाटेने जाऊन लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. कारण बहुधा तिथेच लिहिलेले असते.

२) सर्व्हर बंद असतानाच पूर्ण फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा.

३) फोल्डरचा मालक 'पोस्टग्रेस' हाच वापरकर्ता आहे ना, ते पाहा. नसेल तर सीएचओन आज्ञेने करा.

४) सीएचमॉडने फोल्डरला ७०० द्या. आतल्या फाइलींनाही ७७७ दिले असेल, तर फाइलींना ६०० आणि आतल्या फोल्डरांना ७०० द्या. मग सर्व्हर सुरू करा.

नवा डेटाबेस उभारताना इनिटडीबी तीन ठिकाणी अडते. फोल्डर रिकामा नसेल तर ते थांबते. ते आपल्या भल्यासाठीच; दुसरा रिकामा फोल्डर द्या, जुना पुसू नका. नव्या डिस्कवर 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचा फोल्डर आधीच असतो, म्हणून आत वेगळा फोल्डर करा. रूट म्हणून चालवले तरी ते नकार देते. पोस्टग्रेस वापरकर्त्यानेच चालवावे. आणि विंडोजची एनटीएफएस डिस्क लिनक्सला जोडली असेल, तर तिच्यावर या परवानग्या सहसा टिकतच नाहीत. ईएक्सटी४ डिस्क घ्या.

मुलीचा सर्व्हर दहा मिनिटांत सुरू झाला, अलहमदुलिल्लाह. मग तिला विचारले, "त्या यादीत मदत घेणाऱ्या घरांची नावे आहेत ना? हा संगणक घरात कोण कोण वापरते?" ती गप्प झाली. देणाऱ्याचे नाव झाकले तर सवाब, घेणाऱ्याचे झाकले तर त्याची इज्जत राहते. ७७७ दिले की दोन्ही उघड्यावर.

आता ती दर जुम्याला पीजीडंपने प्रत काढते आणि ती पेनड्राइव्ह कपाटात कुलपात ठेवते. तुम्हीही इन्शाअल्लाह तसेच करा.