सुक्या मासळीला पंचनाम्यात रकाना कधी मिळणार?

मा. मंत्री, मदत व पुनर्वसन विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई यांस,

मंत्री महोदय,

सुक्या मासळीच्या नुकसानीचे अर्ज दिले, पोचेचे शिक्के मिळाले, उत्तर मिळालं नाही. ते अर्ज कोणत्या कार्यालयात पडून आहेत याचं नाव इथे घेत नाही, कारण टेबलावरच्या माणसाच्या हातात काही नव्हतं. जो तक्ता तो भरतो, तो ठरवणं शासनाच्या हातात आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि उघडपणे.

मी कोळगावची. ऑगस्ट 2021 मध्ये जिल्हा मुख्यालय इथे आलं, तेव्हापासून किनाऱ्यावरच्या गावांतून कामासाठी आलेल्या बायका माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. त्यामुळे तुमचे निकष मला जवळजवळ पाठ आहेत.

17 मे 2021. तौक्ते चक्रीवादळ आमच्या समोरून उत्तरेकडे गेलं आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. 19 मे रोजी पंतप्रधानांनी गुजरात आणि दीवची हवाई पाहणी केली, गुजरातला 1,000 कोटी जाहीर झाले. आपल्या राज्याने मे अखेरीस 252 कोटींचं पॅकेज मंजूर केलं. कोणाला जास्त, कोणाला कमी, यावर दोन्हीकडचे पुढारी पुष्कळ बोलले. पण सुकत घातलेल्या मासळीचं काय, हे कोणीच विचारलं नाही.

राज्याने तेव्हा निसर्ग वादळाचेच वाढीव दर लावले. पूर्ण पडलेल्या घराला 1,50,000 रुपये. बागेला हेक्टरी 50,000. बोट पूर्ण गेली तर 25,000, दुरुस्तीला 10,000, जाळ्यांना 5,000. केंद्राचा तेव्हाचा दर बोटीला 9,600 होता, 2022 च्या निकषांत तो 15,000 झाला. इंजिनासह साधी फायबरची होडी घ्यायची तर काही लाख मोजावे लागतात, तेव्हा हे दरही अपुरेच आहेत. तरी बोटीला रकाना आहे. जाळ्याला आहे. मत्स्यशेती करणाऱ्याला बीजासाठी अनुदान आहे. सुक्या मासळीला केंद्राच्या निकषांत एक ओळसुद्धा नाही.

पंचनाम्याला आलेल्या माणसाने एका बाईला विचारलं होतं, "मावशी, घर पडलंय का? होडी आहे का? सातबारा आहे का?" तिन्हीला नाही. तिच्या अंगणात काळे पडलेले बोंबील ढिगाने पडले होते आणि वासाने उभं राहवत नव्हतं. "हे मी कुठे लिहू?" असं म्हणून तो पुढच्या घरी गेला.

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, कुठल्याही गावात सुकवणीच्या दिवसांत जाऊन बघा. बाई पहाटे बंदरावर लिलावात माल घेते, बहुतेक वेळा उधारीवर. बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकायचे, उन्हं फिरली की बघायचे, कुत्रे-कावळे हाकायचे. करंदी आणि जवळा खाली पसरायचा. चांगलं ऊन असलं तर दोन-तीन दिवसांत माल तयार होतो. आणि तेवढ्या दिवसांत एक जोराची सर आली की सगळा माल खताच्या भावाने जातो. तरी बंदरावरची उधारी फिटत नाही, बचत गटाचा हप्ता थांबत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. मे महिन्यात साठवलेल्या मालावर ही घरं पावसाळा काढतात, आणि तौक्ते आलं ते नेमकं त्याच महिन्यात.

शेतकऱ्याला मिळतं म्हणून माझी तक्रार नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला हेक्टरी दर आहे, हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, आणि ते असायलाच हवं. पण एप्रिल 2025 मध्ये तुमच्याच मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. मग खळ्यावर आलेलं पीक आणि दोरीवर आलेले बोंबील यांत शासन कोणता फरक करतं, ते लेखी सांगा.

केंद्राच्या निकषांत नाही म्हणून आमचे हात बांधलेले आहेत, हे उत्तर देऊ नका. ते खरं नाही. टपरीवाले आणि छोटे दुकानदारही केंद्राच्या निकषांत बसत नव्हते. तौक्तेच्या वेळी राज्याने त्यांच्यासाठी नुकसानीच्या 75 टक्के, कमाल 10,000 रुपये, अशी वेगळी ओळ घातली. टपरीसाठी जे एका निर्णयात झालं, ते या बायकांसाठी झालं नाही, कारण त्यांचा माल मोजण्यासारखा आहे असं तुमच्या विभागाला कधी वाटलंच नाही.

त्याआधीचंही सांगते. क्यार आणि महा ही वादळं 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आली. मच्छीमारांसाठी 65 कोटी 17 लाखांचं पॅकेज निघालं ऑगस्ट 2020 मध्ये. त्यात छोट्या मासळी विक्रेत्यांना शीतपेट्यांसाठी 3,000 रुपये ठरले. ताजी मासळी विकणाऱ्या बाईला ते उपयोगी पडले असतील. उन्हात बोंबील सुकवणारीने शीतपेटी घेऊन काय करायचं? पॅकेज आखणाऱ्यांनी आमच्या एका तरी बाईला विचारलं असतं, तर हा पैसा योग्य जागी गेला असता.

बोटीची नोंद असते, जमिनीचा सातबारा असतो. सरकारी वाळूवर मासळी सुकवणाऱ्या बाईची नोंद कुठेच नसते, म्हणून नुकसानही नसतं. हा अन्याय वादळाने केलेला नाही. तो शासन निर्णयांनी केला आहे, आणि दर वादळात पुन्हा केला आहे.

1 एप्रिल 2026 पासून नव्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो. या काळाच्या निकषांत सुकी आणि सुकत घातलेली मासळी यावी, असा प्रस्ताव राज्याने केंद्राला पाठवावा. केंद्र काय ठरवतं याची वाट न पाहता राज्याने टपऱ्यांसारखी स्वतःची ओळ घालावी, किलोमागे दर ठरवावा. मासळी सुकवणाऱ्या बायकांची गाववार यादी मच्छीमार सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांच्याकडून आताच करून घ्यावी, बाईच्या स्वतःच्या नावाने आणि तिच्याच बँक खात्यासह. आणि पंचनामा पाऊस थांबल्यापासून दोन दिवसांत व्हावा, कारण कुजलेला माल त्यापुढे अंगणात ठेवता येत नाही आणि फेकला की पुरावा गेला.

यातलं काय करणार आणि काय करणार नाही, ते कारणांसह लेखी कळवा. पत्र मी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात वाचून दाखवणार आहे.

एक रहिवासी,
कोळगाव, ता. जि. पालघर