कुंपणावरची अनोळखी वेल

वाचक भगिनींनो, या आठवड्यात एका भगिनीचे पत्र आले आहे. सोबत कागदाच्या घडीत दाबून वाळवलेले एक पान आणि एक फूल. त्या लिहितात :

"मृगाच्या पावसानंतर आमच्या परसात, रताळ्याच्या वाफ्याला लागून, एक वेल आपोआप उगवली. श्रावणात तिला ज्योतीसारखी लाल-पिवळी फुले आली. सासूबाई म्हणतात, उपटून टाक, घरात भांडणे लागतील. धाकट्या जाऊबाई म्हणतात, राहू दे, गौरीला फुले होतील. ही वेल कोणती? ठेवावी की काढावी?"

बाई, तुम्ही पान पाठवलेत हे फार बरे केले. त्या पानाच्या टोकानेच नाव सांगितले. भाल्यासारखे निमुळते पान आणि त्याचे टोक स्प्रिंगसारखे गुंडाळलेले. या टोकांनीच ती आधार धरून वर चढते. फुलाला सहा पाकळ्या, कडा नागमोडी, आणि सगळ्या मागे उलटलेल्या. कळी हिरवट असते, फूल उमलताना पिवळे होते आणि मग शेंदरी-लाल. मधली काडी काटकोनात एका बाजूला वळलेली. एवढ्या खुणा जुळल्या की शंका नको. ही कळलावी.

कोणी तिला अग्निशिखा म्हणतात, कोणी खड्यानाग, कोणी वाघनखी. पण नावावर विसंबू नका. काळ्या आकड्यांचे फळ येणाऱ्या रानातल्या एका झाडालाही कुठे कुठे वाघनखीच म्हणतात. गावागणिक नाव बदलते, पानाचे टोक बदलत नाही.

आता सासूबाईंचे म्हणणे. ही वेल घरात कळ लावते, भांडणे आणते, अशी जुनी समजूत आहे. वेलीने कुणाच्या घरात भांडण लागत नाही. पण सासूबाईंची भीती अगदीच फोल नाही, तिचे कारण मात्र वेगळे आहे. कळलावी विषारी आहे. पान, फूल, बी सगळेच विषारी, आणि जमिनीतला कंद तर फारच. त्यात कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर ते अगदी मोजून देतात आणि त्यासाठी तमिळनाडूत कळलावीची शेतीही होते. तिथले ते राज्यफूल आहे. पण मोजून दिलेले औषध वेगळे आणि पोटात गेलेला कंद वेगळा.

म्हणून तुमच्या पत्रातली एकच गोष्ट मला खटकली : रताळ्याचा वाफा. कळलावीचा कंद लांबट, आतून पांढरा. पुष्कळदा दोन फाट्यांचा, नांगरासारखा असतो. म्हणून तर संस्कृतात तिला लांगली म्हणतात. थंडीच्या सुमारास वेल वाळून नाहीशी होते आणि कंद तेवढा जमिनीत राहतो. मग रताळी किंवा कोनफळे खणताना तो टोपलीत आला, तर ओळखायचा कोणी? रताळे किंवा कोनफळ समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत.

तेव्हा ठेवावी की काढावी, याचे उत्तर : जागा बदलावी. यंदा फुले पाहून घ्या. वेलीच्या बुंध्याशी आजच एक खुंटी ठोका, म्हणजे वेल वाळली तरी जागा कळेल. पाने पिवळी पडून सुकली की हातांना प्लॅस्टिकची पिशवी बांधून कंद अलगद खणा. कोंब कंदाच्या टोकाला असतो. टोक मोडले तर तो फुटत नाही. वाफ्यात तुकडा राहू देऊ नका. कंद कोरड्या मातीत, डब्यावर चिठ्ठी लावून, स्वयंपाकघरापासून आणि बियाण्याच्या कणगीपासून दूर ठेवा. हात साबणाने धुवा.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर कंद चार बोटे खोल, आडवा लावा. जागा निचऱ्याची हवी. पाणी साचले की कंद कुजतो. बुंध्याला सावली आणि शेंड्याला ऊन मिळेल अशी मेंदीच्या कुंपणाची बाजू उत्तम, तिथे चढायला आधारही मिळतो. गोठा, शेळ्यांची दावण आणि मुलांची खेळायची जागा यांपासून मात्र लांब. घरात रांगते मूल असेल तर ही हौस चार वर्षे पुढे ढकला. कुंपण नसेल, तर वेल लावूच नका.

जाऊबाईंना सांगा, गौरीला फुले खुशाल वाहा; कोकणात या फुलाचा गौरीच्या पूजेत मानच आहे. फक्त नैवेद्याच्या ताटात ती ठेवू नका, आणि निर्माल्य गुरांपुढे टाकू नका.

आणखी एक. अडलेल्या बाळंतिणीला हा कंद उगाळून लावण्याची जुनी चाल होती. कळा लावते म्हणून कळलावी, असेही सांगतात. हा प्रयोग कुणीही करू नये. बाळंतीण अडली तर दवाखाना गाठावा. चुकून कुणाच्या पोटात कंद गेलाच, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, तोवर विष अंगात भिनलेले असते. लगेच दवाखान्यात न्या आणि उरलेला कंद किंवा वेलीचे पान सोबत घ्या, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखता येईल.

आणि भगिनींनो, ही वेल हवी म्हणून रानातून उपटून आणू नका. औषधासाठी खणून खणून ती रानात विरळ झाली आहे. कुणाच्या कुंपणावर असेल तर तिच्या तिखंडी बोंडातले लाल बी मागून घ्या. बियांपासून फुले यायला दोन-तीन पावसाळे लागतात, पण रान ओके होत नाही.

तुमच्या परसात असे काही अनोळखी उगवले, तर पान, फूल आणि असेल तर फळ कागदात दाबून पाठवा. कुठे उगवले, शेजारी काय लावले आहे, तेही लिहा. आणि नाव कळेपर्यंत ते तोंडात घालू नका, गुरांनाही घालू नका.